या वर्षी नाही

मुंबईत ‘नाही’ला ‘उद्या या’ म्हणतात, हे मला सोळाव्या वर्षी कळलं.

साल १९९४. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीची स्मरणिका निघायची आणि तिच्या जाहिराती आणायचं काम त्या वर्षी पहिल्यांदा मुलींकडे आलं. आलं म्हणजे, मुलगे आरास करायला पळाले आणि हे उरलं. मी, खालच्या मजल्यावरची मैत्रीण, एक पावती पुस्तक आणि दरपत्रक. मलपृष्ठ, आतलं मुखपृष्ठ, पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान आणि सगळ्यात खाली ‘शुभेच्छुक’, म्हणजे नुसतं नाव, एकशे एक रुपयांत. निघताना कार्यवाह काकांनी एकच बजावलं होतं. “मॅटर आणि पैसे एकदम घ्यायचे. मॅटर आधी घेतलंत तर ते छापून होतं आणि पैशांसाठी दसऱ्यापर्यंत जिने चढावे लागतात.”

ठाकूरद्वारापासून काळबादेवीपर्यंत आम्ही बारा दिवस फिरलो. शेठ बाहेर गेलेत, उद्या या. उद्या गेलं की परवा. परवा गेलं की शेठ आहेत पण चावीवाला मुनीम गावाला. एका भांड्यांच्या दुकानात सहा खेपा झाल्या. सहाव्या खेपेला नोकर आमच्याकडे न बघता म्हणाला, शेठ सुरतेला गेलेत, आणि त्याच वेळी आतल्या खोलीत कुणीतरी वाटी ताटावर ठणकन आपटून “दाळ” असं ओरडलं. मैत्रीण हसत सुटली. मला रडू आलं.

मग अब्दुल रहमान स्ट्रीटवरचे कागदवाले भेटले. म्हातारे गृहस्थ, पांढरी टोपी, समोर रिमांचे गठ्ठे. दरपत्रक त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, “बेन, या वर्षी नाय जमनार.” आम्ही उठलो. “बसा, पानी पिऊन जा. आनि ऐका. तुम्ही श्रावनात येता. श्रावनात सगळेच येतात. माझा सीझन जूनचा, वह्यांचा. जुलैत हातात पैसा असतो. पुढच्या वर्षी जुलैत या.”

बारा दिवसांतला तो पहिला खराखुरा नकार. जिना उतरताना दोघींनाही हलकं वाटत होतं, आणि का ते कळत नव्हतं. आता कळतं. त्या दुकानात परत जायचं नव्हतं, एवढंच. यादीतलं एक नाव खोडता आलं. पुढच्या जुलैत गेलो तेव्हा त्यांनी अर्धं पान दिलं. मॅटरसाठी मात्र तीन खेपा घालायला लावल्या, ते सोडा.

मागायचा अनुभव आमच्या भागाला कमी नाही. केशवजी नाईकांच्या चाळीतला सार्वजनिक गणपती १८९३ पासूनचा, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं गिरगाव वर्गणी मागतंय. पण वर्गणीत नकाराची सोय नसते. दारात पाच पोरं उभी राहतात, पावतीवर आकडा आधीच टाकलेला असतो, आणि आपण विचारतो, “गेल्या वर्षी पाचशेच होते ना?” हीच पोरं मोठी झाली की स्पॉन्सरशिप मागायला कंपनीत जातात, आणि बरोबर तीच सवय नेतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून असे पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, हे आमच्या काकांना माहीत होतं आणि ते त्यासाठी वरळीला चकरा मारायचे. आम्ही त्यांना हसायचो. पुढे मला ज्या कागदावाचून कित्येक मंडळांचे मंजूर झालेले पैसे अडकवून ठेवावे लागले, तो कागद काकांच्या पिशवीत दरवर्षी असायचा.

बारा वर्षांनी मी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात काचेची ऑफिसं झाली होती, त्यातल्या एका कंपनीच्या मार्केटिंग विभागात. साबण, फिनेल, भांडी घासायची पावडर असला आमचा माल. खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची. तिच्यातून धूर येताना मी कधी पाहिला नाही. स्पॉन्सरशिपची पत्रं माझ्याकडे, कारण ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं.

आषाढ लागला की ढीग यायला सुरुवात. कबड्डीची स्पर्धा, दिवाळी पहाट, रक्तदान, एकांकिका, ज्ञातीचं स्नेहसंमेलन, दातांच्या डॉक्टरांची परिषद, कॉलेजचे फेस्टिव्हल. बहुतेक पत्रं वर ‘प्रति, माननीय व्यवस्थापकीय संचालक’ आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘आपल्या अग्रगण्य बँकेने’. आम्ही फिनेल विकायचो. ईमेल यायची ती एकदम दीडशे कंपन्यांना, सगळ्यांचे पत्ते उघडे. त्यामुळे एक फायदा व्हायचा, स्पर्धक कंपनीत माझं काम कोण बघतं ते बसल्या जागी समजायचं.

पत्रात काय नसायचं ते सांगते. किती पैसे हवेत हा आकडा नसायचा. ‘यथाशक्ती सहकार्य’ असायचं. कंपनीला यथाशक्ती कळत नाही. पंचवीस हजारांपर्यंत माझी सही चालायची, त्याच्या वर माझ्या साहेबांची, आणि त्याहून वर गेलं की तीन महिन्यांतून एकदा बसणारी समिती. आमचं वर्ष एप्रिलला सुरू व्हायचं आणि त्याचे पैसे कुठे जाणार हे जानेवारी-फेब्रुवारीतच बऱ्यापैकी ठरलेलं असायचं. ऑगस्टमध्ये जो यायचा त्याच्यासाठी माझ्याकडे चिल्लर असायची. कागदवाल्या काकांचा जुलै आणि आमचा जानेवारी, गोष्ट एकच. पण इतक्या वर्षांत “मॅडम, हे ठरवतं कोण आणि केव्हा?” असं मला फक्त एका बाईंनी विचारलं. परळच्या एका महिला मंडळाच्या त्या. गिरणी कामगारांच्या घरातल्या बायका, संक्रांतीनंतर एक दिवस कार्यक्रम करायच्या. त्यांचं पत्र एका पानाचं, वळणदार हस्ताक्षरातलं. हॉलचं भाडं इतकं, ध्वनिक्षेपक इतका, चहा-उपमा १५० जणींचा इतका, आमच्याजवळ इतके जमलेत, १८,५०० कमी पडतात. शेवटी एक ओळ, ‘जमत नसल्यास तसे कळवावे, म्हणजे आम्हाला चहावर भागवता येईल.’

त्या एका ओळीने माझं काम सोपं केलं. मी ‘नाही’ म्हटलं तर काय होणार, ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. उपमा रद्द. आभाळ कोसळणार नव्हतं. मी त्याच दिवशी सही केली. साहेबांनी विचारलं, साडेअठराच का, वीस कर की. मी म्हटलं, साडेअठराच कमी पडतायत. गोल आकड्यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही. पाच लाख म्हटलं की समजावं, हिशेब अजून मांडलेला नाही.

दुसरी कायमची भानगड सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाची. २०१३च्या कंपनी कायद्यात तरतूद आली, १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली, आणि त्यानंतर प्रत्येक पत्राच्या विषयात ‘सीएसआर निधी मिळणेबाबत’. लोकांना वाटलं सरकारने कंपन्यांना पैसे वाटायला लावलेत, आपण आपलं भांडं घेऊन रांगेत उभं राहावं. कायदा सांगतो असा. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तर त्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम ठरावीक सामाजिक कामांवर खर्च करायची. पण मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा, जाहिरात, टीव्ही कार्यक्रमाचं प्रायोजकत्व अशा एकेकट्या गोष्टी त्यात धरायच्या नाहीत, असं सरकारने २०१४च्या परिपत्रकातच सांगितलं. २०२१च्या नियमांत तर स्पष्टच आलं की आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआर नाही. म्हणजे तुमच्या दिवाळी पहाटेच्या बॅनरवर आमच्या साबणाचं चित्र असेल तर ते पैसे माझ्या खिशातून येणार. सीएसआरवाली मंडळी चौथ्या मजल्यावर बसायची. त्यांचा खिसा वेगळा, शिवलेलाही दुसऱ्या शिंप्याने. चुकीच्या खिशात हात घातलेली पत्रं आमच्यात महिना महिना वर-खाली फिरायची.

अशाच गोंधळातला दुसरा प्रश्न, पावती देणार की बिल? देणगी घेतली तर पावती. बॅनर, स्टँडी, निवेदकाच्या तोंडून नाव असं काही मोबदल्यात देणार असाल तर तो व्यवहार झाला, तिथे बिल आलं, जीएसटी आला, टीडीएस कापला जाणार. पॅन मंडळाच्या नावाचं हवं, बँक खातं मंडळाच्या नावाचं हवं. “मॅडम, चेक माझ्याच नावाने काढा, मी मंडळाचा खजिनदारच आहे,” असं सांगणारे किती आले म्हणून सांगू. त्यातले बहुतेक प्रामाणिक होते. पण अकाउंट्समधल्या माणसाला चेहरे दिसत नाहीत, त्याला नाव जुळताना दिसावं लागतं.

आता त्या मुलाबद्दल. २००९चा जुलै. एका कॉलेजच्या फेस्टिव्हलच्या स्पॉन्सरशिप टीममधला, दुसऱ्या वर्षाचा. विरारहून यायचा. पाऊस असा की शर्टाच्या आत प्लास्टिकची फाइल धरून आलेला, बूट चपचप वाजत होते, आणि रिसेप्शनच्या पांढऱ्या फरशीवर पाणी पडतंय म्हणून तो टाचांवर चालत होता. टायटल स्पॉन्सर, पाच लाख. पहिल्या तीन मिनिटांत मला माहीत होतं की हे होणार नाही. आमचा माल घेणारं गिऱ्हाईक कॉलेजमध्ये नसतं. भांडी घासायची पावडर नाचाच्या स्पर्धेत कोण बघणार? पण पोरगा एवढा तयारी करून आला होता. मी म्हटलं, “बघते हं. पुढच्या आठवड्यात फोन कर.”

तो फोन करायचा, मी म्हणायचे, ये. चार वेळा आला. दर वेळी नवा आकडा, पाचाचे तीन, तिनाचे दीड. दर वेळी मी ‘बघते’. चौथ्या वेळी मी मीटिंगमध्ये होते, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्याला सांगून टाकलं की या वर्षीचं सगळं ठरलंय, कधीच ठरलंय. मी बाहेर आले तेव्हा तो लिफ्टपाशी उभा होता. म्हणाला, “मॅडम, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी अंधेरीला गेलो असतो. तिथे एक कंपनी होती, त्यांचं आता दुसऱ्या कॉलेजशी झालं.” आवाज चढला नव्हता. ‘थँक यू मॅडम’ म्हणून लिफ्टमध्ये शिरला.

त्या संध्याकाळी लोकलमध्ये मला ती ताटावर आपटलेली वाटी ऐकू आली. शेठ सुरतेला गेले होते म्हणे. मी तर सुरतेलाही गेले नव्हते, समोर बसून त्याला कॉफी पाजत होते.

‘बघते’ मी त्याच्यासाठी म्हणत नव्हते. तोंडावर नाही म्हटलं की आपण वाईट होतो. ‘बघते’ म्हटलं की वाईटपणा पुढच्या आठवड्यावर जातो, आणि पुढचा आठवडा कधी येत नाही. ते भांडीवाले शेठ निदान तोंड लपवत होते. त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली, आठ दिवसांत उत्तर. नाही तर नाही, दोन ओळींत, कारणासकट.

एवढं केल्यावर सगळं सुरळीत झालं असेल असं वाटलं? ‘नाही’ म्हणायला लागल्यावर मला कळलं की माझ्या आधीच्या माणसाने ‘बघतो’ का धरून ठेवलं होतं. मुंबईकराला ‘नाही’ हा घासाघीस सुरू करायचा आकडा वाटतो. लाख नाही? मग पंचवीस. बरं, निदान पाण्याच्या बाटल्या. बरं, टी-शर्ट. एकाने तर माझ्या नकाराच्या ईमेलला उत्तर म्हणून नवं कोटेशन पाठवलं, ‘आपल्या प्रतिसादाबद्दल आभार’ अशा मथळ्याचं. कुणी सांगायचं की तुमच्या स्पर्धक कंपनीने हो म्हटलंय, तुम्हीच तेवढे मागे राहताय. मी त्या स्पर्धकाच्या बाईंना ओळखत होते, आम्ही एकाच डब्यातून जायचो. कुणी माझ्या डोक्यावरून थेट संचालकांच्या मेव्हणीपर्यंत पोचायचं. मेव्हणीचा फोन आला की पत्र माझ्याच टेबलावर परत यायचं, आता त्यावर लाल पेनाने ‘बघून घ्या’. पैसे मिळायचे कधी कधी, खोटं कशाला बोलू. पण त्या मंडळाचं पुढच्या वर्षीचं पत्र मी कशा नजरेने उघडत असेन? आणि एक प्रकार असा की पत्रच नाही, दोन माणसं येणार, हातात फोन, “भाऊंनी सांगितलंय.” तिथे रीतभात वगैरे बोलण्यात अर्थ नाही. ती वर्गणीही नव्हे.

मागणाऱ्यांनी प्रेक्षकांचा आकडा फुगवू नये, हे आणखी एक. ज्या नाट्यगृहात हजार खुर्च्या नाहीत तिथल्या कार्यक्रमाला पाच हजार ‘फूटफॉल’ कसा, असं विचारलं की उत्तर यायचं, “लोक येऊन-जाऊन असतात ना मॅडम.”

देणाऱ्याला काय हवंय ते मात्र कुणी विचारत नाही, आणि आम्हीही सांगत नाही. एका संगीताच्या कार्यक्रमाला आम्ही सहप्रायोजक होतो. जाऊन बघते तर रंगमंचाच्या उजव्या अंगाला आमचा साबण, डाव्या अंगाला आमच्या सख्ख्या स्पर्धकाचा. आयोजक हसतमुख, “दोन्ही बाजू भरल्या, छान दिसतंय की नाही?” त्यांची चूक नव्हती. त्या मालाचे आपण एकटेच असू असं आम्ही गृहीत धरलं होतं, कागदावर कुणीच घातलं नव्हतं. मध्यंतरात त्या डब्यातल्या बाई आणि मी, दोघी बटाटेवडा खात एकमेकींच्या साहेबांना काय सांगायचं ते ठरवत होतो.

कागदावर घालायची रीत या शहरात जुनी आहे खरं तर. १८६४ साली प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाला आधी ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि मग मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख, मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं म्हणून. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि त्यात खुद्द प्रेमचंदही बुडाले. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला, नाव राजाबाईचंच. मी कॉलेजात असताना ओव्हलच्या बाजूने जाताना नेहमी वाटायचं, विद्यापीठातला तो कोण धूर्त माणूस असेल ज्याने पैसे बरोबर वेळेत ताब्यात घेतले. शेजारचं पदवीदान सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचं. त्यांच्या घराण्याचं आडनाव रेडीमनी! स्पॉन्सर शोधणाऱ्याने देव्हाऱ्यात ठेवावं असं आडनाव. आणि माहीमच्या कॉजवेसाठी लेडी जमशेटजींनी स्वतःचे पैसे घातले ते पुलावर टोल घेणार नाही या अटीवर. लोगो कुठे, किती मोठा, डावीकडे की उजवीकडे, असं काही नाही. टोल नको. आज त्या बाजूला टोलनाक्यावर उभं असताना ही अट आठवली की हसू येतं.

आता नावं करारापुरती. मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली ती एका बँकेच्या नावाने, २०१८ पासून ती टाटांच्या नावाने धावते. आयपीएलने २००८ पासून पाच नावं बदलली. त्यात वाईट काही नाही, दोन्ही बाजूंना करार संपायची तारीख माहीत असते. आमच्या मंडळांत ती माहीत नसते. एकदा दिले की दरवर्षीचे झाले असं मागणारा धरून चालतो, आणि तिसऱ्या वर्षी कंपनीने हात आखडला की “आपला संबंध तोडला का?” अशी पत्रं येतात.

कुणाकडून घ्यायचे नाहीत हेही मागणाऱ्याने ठरवायचं असतं. तंबाखूच्या कंपन्यांना तर २००३च्या कायद्यानेच प्रायोजक व्हायला मनाई आहे, तरी पानमसाल्याची कमान बघून मान वळवणारी मंडळं मी पाहिली आहेत. आमच्या कार्यवाह काकांनी कायद्याच्या आधीच गुटख्यावाल्याचं मलपृष्ठ परत पाठवलं होतं. त्या वर्षी स्मरणिकेचं मलपृष्ठ कोरं निघालं. चाळीतले लोक आठवडाभर काकांशी बोलत नव्हते.

पैसे घेतल्यानंतरचं सांगायचं राहिलं. चेक वटला की नव्वद टक्के माणसं नाहीशी होतात. कार्यक्रम झाला की नाही, हे मला वर्तमानपत्रातून कळायचं. फोटो मागितला तर फोटो यायचा, त्यात प्रमुख पाहुण्यांचं डोकं बरोबर आमच्या लोगोवर. एका फ्लेक्सवर आमचा लोगो एवढा ताणला होता की आमच्याच साहेबांनी विचारलं, ही कुठली कंपनी? महिला मंडळाच्या त्या बाईंचं मात्र कार्यक्रमानंतर आठवड्यात पाकीट आलं होतं. चार फोटो, खर्चाचा कागद, आणि सुटे पाकिटात घालून ३४० रुपये. ध्वनिक्षेपकवाल्याने कमी घेतले म्हणून उरलेले.

त्या ३४० रुपयांनी मी बेजार झाले. कंपनीला पैसे परत घेता येत नाहीत, निदान आमच्या संगणकात तसा रकानाच नव्हता. शेवटी पँट्रीतल्या मुलांना भेळ दिली आणि बाईंना तसं कळवलं.

असंच पुन्हा एकदा झालं, मोठ्या प्रमाणावर. मार्च २०२०. उपनगरातल्या एका छोट्या नाट्यसंस्थेचा महोत्सव महिन्याच्या शेवटी होता, आमचे सत्तर हजार आगाऊ गेले होते. टाळेबंदी लागली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या सचिवांचा घरी फोन. मी कुकर लावत होते. म्हणाले, “पत्रिका छापून झाल्यात, त्याचे नऊ हजार गेले. बाकीचे एकसष्ट कुणाच्या नावाने पाठवू?” मी म्हटलं, अहो असू द्या, पुढे केव्हा तरी कार्यक्रम होईल तेव्हा वापरा. ते म्हणाले, “होईल की नाही माहीत नाही, मॅडम. आमची मुलं सगळी नोकऱ्या शोधतायत. पैसे आमच्याकडे राहिले तर खर्च होतील.”

अकाउंट्सने एकसष्ट हजार परत घ्यायला अडीच महिने लावले. सचिव दर सोमवारी फोन करायचे, “झालं का हो?” देणाऱ्याच्या मागे लागलेला मागणारा मी एकदाच पाहिला. आणि मी त्यांना काय सांगायचे? “बघते. पुढच्या आठवड्यात नक्की.”

नोकरी सोडल्यावर मी मुलुंडला आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत गेले. जानेवारीतली व्याख्यानमाला, पाच दिवस, आणि माझ्या पूर्वीच्या नोकरीमुळे प्रायोजक आणायचं काम न विचारता माझ्या गळ्यात. पहिल्या सभेतच कुणीतरी म्हणालं, “तुमच्या तर सगळ्या ओळखी!” ओळखी आहेत. त्या वापरायच्या नाहीत असं ठरवलंय, कारण ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणायला सगळ्यात जड जातं. माझ्या जुन्या कंपनीला पत्र पाठवलं तेही सगळ्यांसारखं, त्या टेबलाच्या नावाने.

एका पानाचं पत्र. वक्त्यांचा प्रवास, हॉल, ध्वनिक्षेपक, चहा, जमा, तूट. तूट ४६,२००. कार्यकारिणीतले एक आजोबा म्हणाले, पन्नास लिही, शोभत नाही. मी लिहिलं नाही. पत्र पाठवल्यावर दहा दिवस थांबायचं, मग एक फोन, आणि तो सोमवारी सकाळी किंवा जेवणाच्या वेळी नाही. त्यानंतर दुसरा फोन नाही. हा माझा नेम सभेत कुणाला पटत नाही. “मागे लागल्याशिवाय मुंबईत काही मिळतं का?” त्यांचंही खरं असेल. गेल्या वर्षी आम्ही उपमा रद्द केला.

या वर्षी जुन्या कंपनीत फोन केला तेव्हा एका नव्या मुलीने उचलला. आवाजावरून पंचवीस-सव्वीसची. मी माझी ओळख सांगितली नाही, वाचनालयाची सांगितली. पत्र मिळालंय म्हणाली. मग थांबली. मागे कीबोर्ड वाजत होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

“मॅडम, मी बघते हं. पुढच्या आठवड्यात...”

“तुला आत्ता माहीत असेल तर आत्ताच सांग,” मी म्हटलं. “नाही असलं तरी चालेल. आमचं अडत नाही, फक्त हॉलवाल्याला सांगायचंय.”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “या वर्षी नाही होणार. सगळं फेब्रुवारीतच ठरलं.” आणि मग घाईघाईने, “सॉरी हं. तुम्ही पुढच्या वेळी डिसेंबरमध्ये पाठवाल का?”

मी वहीत त्यांच्या नावासमोर डिसेंबर लिहिलं आणि यादीतला पुढचा नंबर लावला. तिथे साहेब बाहेर गेले होते.